होतकरू कोण? — ग्लॅडवेलच्या एका निबंधाचें परीक्षण

शाळा सोडून जाणाऱ्या मुलांनीं आपल्यांतील एकास ‘हा पुढें नांव काढील’ म्हणून मतें देऊन निवडावें, अशी एक गमतीची चाल अमेरिकेंतील शाळांत आहे. या चालींत वापरला जाणारा ठरीव शब्दसमूहच माल्कम ग्लॅडवेल यानें आपल्या एका निबंधास मथळा म्हणून घेतला आहे. ‘मोस्ट लाइकली टु सक्सीड’ हा निबंध ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांत डिसेंबर २००८ मध्यें आला व पुढील वर्षीं ‘व्हॉट द डॉग सॉ’ या संग्रहांत त्याचा समावेश झाला. त्याला आतां बरींच वर्षें लोटलीं. नियतकालिकांतील निबंधाचें आयुष्य सहसा पुढचा अंक निघेपर्यंतचें. परंतु या निबंधांत कांहीं अंदाज व कांहीं सिद्धांत आहेत, आणि मध्यंतरींच्या काळानें त्यांची परीक्षा घेतलेली आहे. अशी परीक्षा होऊन गेल्यावर निबंध पुन्हा वाचण्यांत जो लाभ असतो तो ताज्या निबंधाच्या वाचनांत नसतो, म्हणूनच आज तो परीक्षणास घेतला आहे.

निबंधाचा विषय दुहेरी आहे. कॉलेजच्या मैदानावर नांवाजलेला खेळाडू धंदेवाईक खेळांत टिकेल कीं नाहीं हें आधीं ओळखतां येतें काय, हा पहिला प्रश्न. आणि चांगला शिक्षक कोण होईल हें त्यास वर्गावर पाठविण्यापूर्वीं ओळखतां येतें काय, हा दुसरा. दोहोंचेंही ग्लॅडवेलचें उत्तर नकारार्थी आहे, आणि पहिल्या नकाराच्या बळावर त्यानें दुसऱ्यासंबंधीं एक मोठी सूचना पुढें मांडली आहे. पहिला भाग आम्हांस फार आवडला. दुसरा पटला नाहीं. आणि ज्यांचें सारें आयुष्य वर्गांत व उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत गेलें आहे त्यांना तो स्वस्थ चित्तानें वाचणेंही कठीण जाईल.

प्रथम खेळाविषयीं. आमच्या वाचकांनीं ‘फुटबॉल’ या शब्दानें फसूं नये. अमेरिकेंत या नांवानें जो खेळ चालतो त्यांत चेंडू अंडाकृति असून त्याचा पायापेक्षां हाताशींच अधिक संबंध येतो. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी. चढाई करणाऱ्या बाजूचा सूत्रधार तो ‘क्वार्टरबॅक’. चेंडू हातीं येतांच अवघ्या दोनतीन सेकंदांत, अंगावर धांवून येणाऱ्या तीन तीनशें पौंडांच्या प्रतिपक्ष्यांस न जुमानतां, आपल्या धांवत्या सोबत्यांपैकीं कोण मोकळा आहे, किंबहुना कोण क्षणार्धांत मोकळा होणार आहे, हें ताडून त्यानें चेंडू फेंकावयाचा असतो. मनगटाचें बळ, पायांची चपळाई आणि सेनापतीची नजर हीं एकाच तरुणाच्या ठिकाणीं असावीं लागतात. असा मनुष्य दुर्मिळ, म्हणून त्याचें मोल मोठें. आणि मोल मोठें, म्हणून त्याच्या निवडींत झालेली चूकही मोठी. या खेळाचीं मुळें कॉलेजांत आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि हंगामांतील शनिवारीं अशा विद्यापीठांच्या गांवांना आषाढीच्या पंढरपूरची कळा येते.

दर वर्षीं एप्रिल महिन्याच्या अखेरीस नॅशनल फुटबॉल लीगचे बत्तीस संघ कॉलेजांतून बाहेर पडणारे खेळाडू पाळीपाळीनें उचलतात. गेल्या हंगामांत जो संघ सर्वांत मागें राहिला त्याची पाळी पहिली. अशा सात फेऱ्या होतात व अडीचशेंच्या आसपास तरुणांचीं नांवें पुकारलीं जातात. ही पद्धत बर्ट बेल यानें सुचविली व फेब्रुवारी १९३६ मध्यें फिलाडेल्फिया येथें ती प्रथम अंमलांत आली. त्या पहिल्या निवडींतील पहिलें नांव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याचें. कॉलेजांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याचा नुकताच गौरव झालेला होता. आणि हा गृहस्थ धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाहीं. पैशाचें जमेना, तेव्हां तो दुसऱ्या व्यवसायांत शिरला. या संस्थेच्या जन्मपत्रिकेंतच असा एक वक्री ग्रह पडलेला आहे! आपल्याकडे २००८ पासून चालू झालेल्या आयपीएलच्या लिलावाशीं या निवडीची तुलना करण्याचा मोह वाचकांस होईल. पण लिलावांत थैली बोलते, येथें पाळी बोलते, आणि खेळाडूस आपला संघ निवडण्याची मुभा जवळजवळ नसते. हा भेद लक्षांत ठेवावा. पुढें तो उपयोगीं पडेल.

निवडीपूर्वीं इंडियानापोलिस येथें उमेदवारांची मोठी तपासणी होते. उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी हीं मोजतात. चाळीस यार्ड धांवण्यास किती सेकंद लागले हें शतांशापर्यंत टिपतात. आणि २०२२ सालीं बंद होईपर्यंत बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडविण्याची एक बुद्धिपरीक्षाही उमेदवारांस द्यावी लागे. तपासणी संपली कीं वादास सुरुवात होते. एप्रिल उजाडेपर्यंत न्हाव्याच्या दुकानापासून वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत हाच विषय. अमक्याचा हात बंदुकीसारखा आहे, तमक्याची उंची दोन इंच कमी आहे, अमक्याच्या कॉलेजानें दुबळ्यांशींच सामने खेळले, तमका शहाणा आहे पण घाबरट आहे. १९९८ सालीं पेटन मॅनिंग थोर कीं रायन लीफ थोर, असा वाद पडला होता आणि जाणते लोक दोन्ही पक्षांस होते. मॅनिंग पहिला उचलला गेला, लीफ दुसरा. मॅनिंगनें पुढें दोन वेळां सुपर बाउल जिंकला व पांच वेळां वर्षांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळविला. लीफची सारी कारकीर्द २००१ च्या हंगामांत आटोपली. उलट २००० सालीं टॉम ब्रेडी याचें नांव पुकारलें गेलें तें १९९ व्या पाळीस. त्याच्याआधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्यांचीं नांवें आज केवळ ब्रेडीच्या चरित्रामुळें शिल्लक आहेत असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं; आणि ब्रेडीनें सुपर बाउल जिंकले सात.

हें सारें पूर्वपीठिकेदाखल. ग्लॅडवेल आपल्या निबंधाचा आरंभ असल्या जुन्या गोष्टींनीं करीत नाहीं. तो आपल्याला सरळ डॅन शोंका नांवाच्या एका पारख्याच्या शेजारीं नेऊन बसवितो. पडद्यावर मिसूरी विद्यापीठाचा एक सामना चाललेला आहे, आणि मिसूरीचा क्वार्टरबॅक चेस डॅनियल एकामागून एक चेंडू अचूक फेंकीत आहे. आपण मनांत म्हणतों, हा पोरगा नांव काढणार. मग शोंका पडद्याकडे बोट दाखवून सांगूं लागतो कीं, मिसूरीचे गडी मैदानभर पांगून उभे राहतात, त्यामुळें प्रतिपक्षही पांगतो आणि मधल्या वाटा मोकळ्या पडतात. डॅनियलला कोणीकडे फेंकावयाचें तें आधींच दिसतें. धंदेवाईक खेळांतले प्रतिपक्षी इतके चपळ असतात कीं या वाटा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच मिटून जातात. म्हणजे आपण जें कौशल्य पाहत आहों त्याची तेथें गरजच पडणार नाहीं, आणि जें तेथें लागणार तें येथें दिसण्याची सोय नाहीं. हा भाग ग्लॅडवेलनें अत्यंत कुशलतेनें लिहिला आहे. क्लिष्ट गोष्ट सोपी करणारे लेखक पुष्कळ. पण सोपी वाटणारी गोष्ट आंतून किती अवघड आहे हें दाखवून वाचकाचा श्वास रोखून धरणारे थोडे. आणखी एक मुद्दा आम्ही आमच्याकडून जोडतों. कॉलेजच्या मैदानावर ज्या दोन खुणांच्या मधून डाव सुरू होतो त्यांचें अंतर चाळीस फूट असतें. धंदेवाईक मैदानावर तें साडेअठरा फूट. म्हणून कॉलेजांत डाव पुष्कळदां एका कडेजवळून सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूस मोकळें रान पडतें. परीक्षेचा कागदच निराळा, मग गुणांची तुलना कशी करावी?

ग्लॅडवेलची रचना पाहिली म्हणजे आम्हांस आपल्या हरिदासांची आठवण होते. फरक एवढाच कीं हरिदास पूर्वरंगांत निरूपण करतो व उत्तररंगांत आख्यान लावतो. ग्लॅडवेल आख्यान आधीं लावतो, मध्येंच थोडें निरूपण करतो, पुन्हा आख्यानाकडे वळतो, आणि श्रोता तल्लीन झालेला पाहून निरूपणाचा अवघड भाग हळूच त्याच्या गळीं उतरवितो. क्वार्टरबॅकची गोष्ट थांबवून तो वर्गांतील शिक्षिकेकडे जातो, तिच्याकडून परत मैदानावर, तेथून मिनिआपोलिस शहरांतील एका आर्थिक सल्लागारांच्या पेढीकडे. ही विणकाम करण्याची हातोटी आमच्या निबंधकारांनीं अभ्यासण्याजोगी आहे. परंतु आख्यान रंगलें म्हणून निरूपण सिद्ध होत नाहीं, हेंही त्यांनीं त्याबरोबरच शिकावें.

आतां सिद्धांताकडे वळूं. क्वार्टरबॅक कितव्या पाळीस निवडला गेला आणि पुढें त्यानें कसा खेळ केला, या दोहोंचा संबंध नसल्यासारखाच आहे, असें ग्लॅडवेलचें म्हणणें. या विधानावर स्टीव्हन पिंकर या मानसशास्त्रज्ञानें नोव्हेंबर २००९ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील परीक्षणांत कडक आक्षेप घेतला. ग्लॅडवेलनें उत्तरादाखल डेव्हिड बेरी व रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांच्या संशोधनाकडे बोट दाखविलें. वाद बराच गाजला. त्यांतील मर्म असें कीं, बेरी व सिमन्स यांनीं मैदानावर उतरलेल्या खेळाडूंची दर फेंकीमागील कामगिरी ताडून पाहिली, आणि तींत आधीं निवडलेले व मागून निवडलेले यांच्यांत म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाहीं. पण मागून निवडलेल्यांपैकीं मैदानावर उतरतात किती? दोनशेव्या पाळीचा तरुण सरावांतच विलक्षण चमकला तरच शिक्षक त्यास सामन्यांत घालतो. बाकीचे कोठें गेले याचा पत्ताही लागत नाहीं. विहिरींत पडून वांचलेल्यांचीच मोजदाद करून विहिरी निरुपद्रवी ठरविण्यासारखा हा प्रकार आहे. पिंकरचा आक्षेप येथपर्यंत आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

परंतु त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्हीही वकिली केल्यासारखें होईल. कोण किती सामने खेळला हें मोजून निवड बरोबर होती असें दाखवूं गेलें, तर तेथेंही खोट आहे. पहिल्या पाळीस उचललेल्या खेळाडूवर मालकाचा पैसा व अब्रू दोन्ही गुंतलेलीं असतात. त्यानें दहा सामने हरले तरी अकराव्यास त्यालाच पाठवितात. ओकलंडच्या संघानें २००७ सालीं जामार्कस रसेल यास सर्वांच्या आधीं निवडलें आणि तीन हंगाम त्याला निभावून नेलें. शेवटच्या फेरींतील एखाद्यानें तसा खेळ केला असता तर तीन आठवडेही त्याला कोणीं उभें केलें नसतें. तेव्हां एका मोजमापानें निवड करणाऱ्यांची अक्कल नाहक कमी दिसते, दुसऱ्यानें ती नाहक अधिक दिसते. केड मॅसी व रिचर्ड थेलर यांनीं केलेली मोजणी आम्हांस अधिक समंजस वाटते. एकाच जागेसाठीं लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकीं आधींचा नंतरच्यापेक्षां सरस ठरण्याचा संभव त्यांच्या हिशेबानें शेंकडा ५२ च्या आसपास आहे. म्हणजे नाणें उडविण्याहून किंचित् बरा. याचा अर्थ निवड निरर्थक आहे असा नव्हे. पहिला व शंभरावा यांत फरक पडतोच. पहिला व दुसरा यांत मात्र फारसा पडत नाहीं, आणि एप्रिल महिन्यांतील सारी हमरीतुमरी या दुसऱ्याच गोष्टीवरून चाललेली असते. ज्यानें दोनचार हजार उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला हें मोजणीवांचूनही ठाऊक असतें. साठ गुणांचा मुलगा आणि पस्तीस गुणांचा मुलगा यांत अंतर आहे. एकसष्ट आणि साठ यांतलें अंतर परीक्षकाच्या जेवणापूर्वींचें कीं जेवणानंतरचें, एवढेंच.

ग्लॅडवेलच्या विवेचनांतील खरा दोष मात्र आंकड्यांत नाहीं. यश हा गुण खेळाडूच्या अंगीं बीजरूपानें असतो किंवा नसतो, फक्त तो आधीं दिसत नाहीं, असें त्यानें न बोलतां गृहीत धरलें आहे. या गृहीताची परीक्षा २०१८ च्या निवडीनें चांगलीच घेतली. त्या वर्षीं पहिल्या फेरींत पांच क्वार्टरबॅक निवडले गेले. क्लीव्हलंडनें पहिल्या पाळीस बेकर मेफील्ड, न्यूयॉर्क जेट्स संघानें तिसऱ्यास सॅम डार्नल्ड, बफलोनें सातव्यास जॉश ॲलन, ॲरिझोनानें दहाव्यास जॉश रोझन, आणि अगदीं शेवटीं बत्तिसाव्या पाळीस बाल्टिमोरनें लमार जॅक्सन. ॲलनवर टीकेचा भडिमार झाला होता, कारण वायोमिंग विद्यापीठांत असतांना त्याचे शंभरांतले छप्पनच चेंडू सोबत्यांच्या हातीं पडत. ज्याला कॉलेजांत नेम साधत नाहीं त्याला पुढें काय साधणार? तो आणि जॅक्सन हे दोघेही पुढें वर्षाचे सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरले, जॅक्सन तर दोन वेळां. रोझनला ॲरिझोनानें एका वर्षांत काढून टाकलें व तो कधीं सांवरला नाहीं. येथवर ग्लॅडवेलचा पक्ष बळकट दिसतो. पण मेफील्ड आणि डार्नल्ड पाहा. मेफील्डला क्लीव्हलंडनें चार वर्षांनीं दूर केलें. तो दोनतीन दारें हिंडून टॅम्पा बे येथें पोंचला आणि २०२३ व २०२४ या दोन्ही हंगामांत त्याचा संघ आपल्या गटांत पहिला आला. डार्नल्डला न्यूयॉर्कनें फुकट गेलेला म्हणून सोडलें. २०२४ सालीं मिनेसोटाच्या संघानें त्याच्याच हातीं सूत्रें देऊन चौदा सामने जिंकले. मनुष्य तोच, मनगट तेंच. बदललें तें घर. मग न्यूयॉर्कची निवड चुकली म्हणावी, कीं न्यूयॉर्कनें निवडलेल्या माणसाचें संगोपन चुकलें म्हणावें?

पॅट्रिक महोम्स याचें उदाहरण याहून बोलकें आहे. २०१७ सालीं शिकागोनें दुसऱ्या पाळीस मिचेल ट्रुबिस्की यास घेतलें. महोम्स दहाव्या पाळीस कॅन्सस सिटीकडे गेला. तेथें अँडी रीड या अनुभवी शिक्षकानें त्याला पहिलें जवळजवळ सबंध वर्ष बसवून ठेवलें व शिकविलें. महोम्सनें पुढें तीन सुपर बाउल जिंकले, आणि शिकागोकर आजही कपाळावर हात मारून घेतात. पण महोम्स शिकागोस गेला असता तर हाच महोम्स झाला असता काय? याचें उत्तर कोणीच देऊं शकत नाहीं, आणि म्हणूनच ‘निवड चुकली’ हा शब्द इतक्या खात्रीनें वापरूं नये. वर आम्हीं म्हटलें होतें कीं खेळाडूला संघ निवडण्याची मुभा नसते. आणि पद्धतच अशी आहे कीं सर्वांत गुणी समजला गेलेला मुलगा सर्वांत मोडकळीस आलेल्या घरीं दिला जातो. आपल्याकडील सुना ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना याहून अधिक स्पष्टीकरण नको.

महोम्सच्या उदाहरणांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ग्लॅडवेलला २००८ सालीं दिसणें कठीण होतें. महोम्स टेक्सास टेक विद्यापीठांत अगदीं त्याच पांगलेल्या मांडणीच्या खेळांत वाढला, जी मांडणी डॅनियलच्या बाबतींत शोंकाला संशयास्पद वाटली होती. त्या शाळेचे क्वार्टरबॅक पुढें टिकत नाहींत अशी म्हणच पडली होती. झालें असें कीं धंदेवाईक संघांनींच हळूहळू कॉलेजांतील डाव उचलले. खेळाडू बदलण्याऐवजीं खेळ बदलला. ग्लॅडवेलनें कॉलेजचा खेळ व धंद्याचा खेळ हीं दोन कायमचीं निराळीं बेटें मानलीं; प्रत्यक्षांत त्यांच्यामधला पाण्याचा पट्टा आटत चालला होता. आतां तर २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंस आपल्या नांवावर पैसा मिळविण्याची परवानगी मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठेंही त्यांस उघडपणें पैसा देऊं लागलीं. तेव्हां हौशी कोण आणि धंदेवाईक कोण, हीही भिंत पडली.

निवडणाराच्या डोळ्यांतील दोषाविषयींही दोन शब्द बोलणें अवश्य आहे. वॉरन मून या कृष्णवर्णी क्वार्टरबॅकनें वॉशिंग्टन विद्यापीठास १९७८ च्या आरंभीं रोझ बाउल हा मानाचा सामना जिंकून दिला, तरी त्या वर्षींच्या निवडींत त्याचें नांव कोणीं पुकारलें नाहीं. क्वार्टरबॅकची जागा कृष्णवर्णीयांच्या आवांक्यांतली नव्हे, असा त्या काळीं समज होता. तो कॅनडांत गेला, तेथें एडमंटन संघाकडून लागोपाठ पांच वर्षें ग्रे चषक जिंकला, मग १९८४ सालीं अमेरिकेंत परतला, आणि २००६ सालीं खेळांतील थोरांच्या मालिकेंत त्याची गणना झाली. चाळीस वर्षांनीं लमार जॅक्सनलाही दुसऱ्या जागीं खेळण्याचा उपदेश करणारे जाणकार निघालेच. येथें भविष्य अज्ञेय होतें असें म्हणणें म्हणजे पूर्वग्रहास तत्त्वज्ञानाचा शालू नेसविणें होय. जें दिसत होतें तें पाहावयाचें नव्हतें.

आतां शिक्षकांकडे. एरिक हानुशेक या अर्थशास्त्रज्ञाचा हवाला देऊन ग्लॅडवेल सांगतो कीं फार वाईट शिक्षकाच्या हाताखालीं मूल वर्षभरांत अर्ध्या वर्षाचेंच शिकतें, आणि फार चांगल्याच्या हाताखालीं दीड वर्षाचें. चांगला कोण ठरेल हें पदवीवरून, प्रमाणपत्रावरून, परीक्षेंतील गुणांवरून कळत नाहीं. तेव्हां दार सताड उघडावें, कोणाही पदवीधरास आंत घ्यावें, चार उमेदवार पाहून त्यांतला एक ठेवावा, बाकीच्यांस रजा द्यावी, असा त्याचा सल्ला. आर्थिक सल्लागारांची पेढी अशाच रीतीनें माणसें गाळून घेते, हा दाखला.

प्रमाणपत्रांविषयींची त्याची नाराजी आम्हांस कळते. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला, पाठटांचणाच्या वह्या नमुनेदार लिहिणारा आणि वर्गांत शिरतांच पोरांना पेंगविणारा मनुष्य आम्हींही पुष्कळ पाहिला आहे. परंतु ग्लॅडवेलचा आंकडा त्याच्याच सूचनेच्या उरावर बसतो, हें त्याच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. चारांतील तीन उमेदवार टाकाऊ निघावयाचे असतील, तर त्या तिघांचे वर्ग कोणाचे? रसेलचे हुकलेले चेंडू ओकलंडच्या मालकास व प्रेक्षकांस नडले. पुढल्या वर्षीं नवा क्वार्टरबॅक आला, नवा हंगाम सुरू झाला. चौथ्या इयत्तेंतील मुलाला चौथी पुन्हा नव्यानें मिळत नाहीं. पेढीवरील उमेदवार अयशस्वी झाला तर त्यानें फार तर कांहीं गिऱ्हाइकें मिळविलीं नाहींत. वर्गांतला उमेदवार अयशस्वी झाला तर चाळीस मुलांना अपूर्णांक कायमचे परके होतात. ‘करून पाहूं’ ही पद्धत जेथें करून पाहण्याचा खर्च करणारानें सोसावयाचा असतो तेथें शोभते. येथें तो ज्यांनीं सोसावयाचा त्यांना कोणीं विचारलेलेंही नाहीं.

शिवाय डार्नल्डची गोष्ट येथेंही लागू पडते. साठ मुलांचा वर्ग, गळकें छप्पर आणि खेंकसणारा मुख्याध्यापक असलेल्या शाळेंत जो शिक्षक दोन वर्षांत निकामी ठरला, तो दुसऱ्या शाळेंत उत्तम ठरणार नाहीं असें कशावरून? वर्षाच्या अखेरीस मुलांच्या गुणांवरून त्याला घरीं पाठविणारा अधिकारी न्यूयॉर्क जेट्स संघाहून शहाणा असेल असें मानण्यास आम्हांस तरी आधार दिसत नाहीं. आपल्याकडे या सूचनेचा एक दूरचा नातलग आहेच. महाराष्ट्रांत २००० सालापासून शिक्षणसेवकाची योजना आली. नव्या शिक्षकानें तीन वर्षें ठरावीक मानधनावर काम करावयाचें, मग कायम व्हावयाचें. उमेदवारीच्या काळांत माणूस पारखून घ्यावा हा त्यांतला ग्राह्य अंश. पण व्यवहारांत पारख मागें पडली आणि मानधनाची बचत पुढें राहिली, असेंच आम्हांस वाटतें. अपुऱ्या पैशावर राबणारा तरुण शिकवण्यांत किती लक्ष घालील, आणि त्याचें हें वर्ष कोणत्या मापानें मोजावें, हा प्रश्न ग्लॅडवेलच्या निबंधांतल्याप्रमाणेंच तेथेंही मोकळा राहिला.

संग्रहांतील इतर निबंधांविषयीं आम्ही येथें लिहीत नाहीं. वाचनीयतेंत ते याच तोडीचे आहेत, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. या निबंधापुरतें पाहतां, मैदानावरचा भाग वाचकांनीं अवश्य वाचावा. तो वाचून झाल्यावर ब्रॉक पर्डी याची हकीकतही पाहावी. २०२२ च्या निवडींतील २६२ वें, म्हणजे अगदीं शेवटचें नांव त्याचें; त्या जागेला तिकडे चेष्टेनें ‘बिनमहत्त्वाचे महाशय’ अशा अर्थाचा किताबच आहे. दोनच हंगामांत, फेब्रुवारी २०२४ मध्यें, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संघास घेऊन सुपर बाउलच्या मैदानावर उभा होता, समोर महोम्स. जादा वेळांत २५-२२ असा पर्डीचा संघ हरला.

आणि ज्याच्यापासून निबंधाचा आरंभ झाला त्या चेस डॅनियलचें काय झालें? २००९ च्या निवडींत त्याला कोणींच घेतलें नाहीं. शोंकाची शंका खरी ठरली असें वाटलें. पण एका संघानें त्याला सरावापुरता ठेवून घेतला, मग दुसऱ्यानें, मग तिसऱ्यानें; आणि २०२२ च्या हंगामापर्यंत तो या ना त्या संघाच्या पटावर राहिला. एवढ्या वर्षांत आरंभापासून तो खेळला फक्त पांच सामने. बाकीचा सारा काळ मुख्य क्वार्टरबॅकच्या शेजारीं बसून, प्रतिपक्षाचे डाव वाचून, त्याला सल्ला देण्यांत गेला, आणि या कामाबद्दल त्याला मिळालेली एकूण रक्कम चार कोटि डॉलरांच्या घरांत जाते. कोणत्या संघाचा कारभारी त्याला फसलेला म्हणेल? कोणता प्रेक्षक त्याला यशस्वी म्हणेल? ग्लॅडवेलच्या निबंधांत यशस्वी व अयशस्वी असे दोनच रकाने आहेत, आणि त्याचा स्वतःचा नायक त्यांपैकीं एकांतही बसत नाहीं.